एवढ्या जुन्या जीपला डिस्क ब्रेक कशाला?

माझ्या महिंद्रा एमएम 540 जीपचं पुढचं चाक काढलेलं दिसलं की कुणीतरी थांबून विचारतंच, "एवढ्या जुन्या गाडीला डिस्क ब्रेक कशाला? ड्रमवर काय अडलं होतं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून शू नावाच्या अर्धगोल पट्ट्या दाबल्या की ब्रेक लागतो; डिस्क म्हणजे फिरती चकती, तिला कॅलिपर नावाचा चिमटा दोन्हीकडून पॅडने दाबतो.

अडलं होतं वरंधा घाटात. भोरहून महाडकडे उतरत होतो. पावसाळ्याचे दिवस, एका वळणापाशी ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं. त्यातून बाहेर पडलो, पुढच्या वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी एकदम डावीकडे, कठड्याकडे ओढली गेली. उजव्या ड्रममध्ये पाणी शिरलं होतं, डावा सुका होता. बाबा शेजारी होते. बोलले काहीच नाहीत, पण समोरची दांडी त्यांनी महाडपर्यंत सोडली नाही. ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

ड्रममध्ये शिरलेलं पाणी आणि चिखल लवकर बाहेर पडत नाही. लांब उतारावर दुसरीच अडचण. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या अस्तरापासून, लांब जातो आणि पेडल खाली खाली जातं. डिस्क उघडी असते, पाणी झटकून टाकते, लवकर थंड होते.

पण ड्रमला नावं ठेवू नयेत. फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे पायाचा जोर आपोआप वाढतो. डिस्कला ही मदत नाही, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवा. बूस्टरला व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून केलेली पोकळी, लागते, आणि पेट्रोल इंजिनात ती आयती मिळते तशी आमच्या डिझेलमध्ये मिळत नाही. त्यासाठी पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बसवावा लागला. निम्मा खर्च आणि निम्मी डोकेदुखी इथेच.

खरी चूक मात्र मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागाची, झाली. पहिल्या गॅरेजवाल्याने डिस्क आणि कॅलिपर चढवले, सिलिंडर जुनाच ठेवला. मलाही तेव्हा कळत नव्हतं. पाचेक किलोमीटरवर जळका वास आला. जॅक लावला, तर पुढचं चाक हाताने हलेना. ब्लीडिंग निपल (लाइनमधली हवा काढायचं कॅलिपरवरचं छोटं तोंड) सैल केलं, ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक अलगद सुटलं. म्हणजे पाय काढला तरी लाइनमध्ये दाब अडकून राहत होता. ड्रमच्या जुन्या सिलिंडरमध्ये थोडा दाब मुद्दाम धरून ठेवणारा एक बारीक व्हॉल्व्ह असतो. ड्रममध्ये शूंच्या स्प्रिंगा तेवढ्या दाबाला पुरून उरतात. कॅलिपरला अशी स्प्रिंगच नाही, त्यामुळे पॅड डिस्कला घासत राहतात.

मग पुढे डिस्क, मागे ड्रम अशा जोडणीचा टँडम, म्हणजे दोन वेगळ्या कप्प्यांचा, मास्टर सिलिंडर घातला. माझ्या लेखी सगळ्या कामात मोलाची गोष्ट हीच. पूर्वी एक होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. आता पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी. मागचे ड्रम तसेच ठेवलेत. ब्रेक लागताना भार पुढे येतो, मागे जास्त जोर दिला तर चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते.

दोन गोष्टी आधीच बघा. कॅलिपर तुमच्या रिममध्ये बसतो का, हे सुटे भाग घेण्यापूर्वी रिम चढवून पाहा. आणि मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे, तेव्हा आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारूनच गाडी खोला. कॅलिपरचं ब्रॅकेट चांगल्या टर्नरकडूनच करून घ्या, त्यात पैसे वाचवू नका.

गाडी आता कमी अंतरात थांबते का? कोरड्या रस्त्यावर, एकदाच दाबलेल्या ब्रेकला, फारसा फरक नाही. शेवटी टायरची पकड तेवढीच. फरक कळतो तो दहाव्या वळणावर आणि ओढा ओलांडल्यावर. घाट मात्र मी अजूनही दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो, आणि इंजिन कधीच बंद करत नाही. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, आणि बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा पेडल दाबलं की संपतो.