मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–पिओरिया: त्रास फक्त शेवटच्या तासाचा

मुंबई ते फ्रँकफर्ट आणि फ्रँकफर्ट ते शिकागो, या दोन टप्प्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जेवण मिळतं, झोप लागते, विमान पोचतं. पुढचा, शिकागो ते इलिनॉय राज्यातलंच पिओरिया हा टप्पा जेमतेम २१० किलोमीटरचा, आणि सगळी गोची तिथेच आहे. तिकिटावर नाव, लोगो, फ्लाइट नंबर सगळं बड्या एअरलाइनचं असतं. गेटवर मात्र ५० सिटांचं सीआरजे-२०० उभं असतं आणि ते चालवणारी कंपनी तिसरीच असते. पिओरिया, ब्लूमिंग्टन, शॅम्पेन या बाजूला मुलांकडे किंवा विद्यापीठात जाणाऱ्या सगळ्यांनाच हा टप्पा लागू आहे.

कायद्याच्या भाषेत याला फसवणूक म्हणता येत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन कंपनीचं विमान कोसळून ५० जणांचा जीव गेला. तिकिटं विकली गेली होती ती कॉन्टिनेंटल या बड्या एअरलाइनच्या नावाने. त्यानंतर २०१० च्या कायद्याने अमेरिकेत तिकीट विकणाऱ्या वेबसाइटवर विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे पहिल्याच यादीत दाखवणं सक्तीचं झालं. दाखवतातही, पण बारीक अक्षरांत. आपल्याकडच्या एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या पीडीएफमध्ये ती ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. म्हणून पैसे भरण्याआधी शेवटच्या टप्प्यापुढचं ‘ऑपरेटेड बाय’ आणि विमानाचा प्रकार, या दोन गोष्टी एअरलाइनच्याच साइटवर उघडून बघा.

विमानांबद्दल थेट सांगायचं तर असं. सीआरजे-२००: दुसरा पर्याय असेल तर टाळा. मुळात चॅलेंजर या बिझनेस जेटवरून बेतलेलं विमान आहे. खिडक्या इतक्या खाली की बाहेर बघायला मान वाकवावी लागते. एअर होस्टेस एकच, कारण ५० सिटांपर्यंत नियमाने एक पुरते. संडास एकच आणि तोही शेपटाकडे. ईआरजे-१४५: डावीकडे एकेकटी सीट, उजवीकडे दोन. एकटं जाणाऱ्याने डावीकडची घ्यावी, शेजारी कोणी नसतं. फक्त सामानाचे कप्पे उजवीकडेच आहेत हे धरून चाला. सीआरजे-५५० मध्येही सिटा ५०च, पण विमान मुळात ७० सिटांचं. बॅगांना वेगळी कपाटं आहेत आणि पाय पसरता येतात. हे मिळालं तर बिनधास्त घ्या. ई-१७५ तर मोठ्या विमानासारखंच, ७० ते ७६ सिटा, मधली सीट नाही, चाकांची केबिन बॅग वरच्या कप्प्यात बसते.

आकडे ५० आणि ७६ वरच का अडतात? बड्या एअरलाइनच्या पायलट संघटनांचे करार. उपकंत्राटी कंपनीने किती सिटांची आणि किती वजनाची विमानं चालवायची याची मर्यादा त्यात बांधलेली असते. भाडं आणि वेळापत्रक बडी एअरलाइन ठरवते. छोटी कंपनी विमान आणि क्रू पुरवते आणि उड्डाणांच्या हिशेबाने पैसे घेते.

आता बॅग. नेहमीची चाकांची केबिन बॅग सीआरजे-२०० च्या वरच्या कप्प्यात जात नाही, म्हणजे नाहीच जात. आडवी-तिरपी करून बघू नका, मागे रांग खोळंबते. गेटवर टॅग लावून देतात आणि विमानाच्या दाराशी बॅग ठेवायला सांगतात. याचे पैसे लागत नाहीत. चेक-इन काउंटरवर “ही छोट्या विमानात मावणार नाही, इथेच चेक करा” असं सांगून कोणी फी मागितली तर सरळ नाही म्हणा. अपवाद एकच: शेवटचा टप्पा वेगळ्या तिकिटावर, सर्वांत स्वस्त ‘बेसिक’ भाड्यात काढला असेल आणि त्यात केबिन बॅगची परवानगीच नसेल, तर गेटवर नेहमीची फी आणि वर दंड असं दोन्ही लागतं. वाचवलेले पैसे तिथेच जातात. सगळे टप्पे एकाच तिकिटावर काढा.

टॅग लावताना विचारा: बॅग उतरल्यावर दाराशी मिळणार की पट्ट्यावर? टॅग दोन तऱ्हेचे असतात आणि घाईत कोणी सांगत नाही. बॅग हातातून सोडण्याआधी पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या काढून जवळ ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे. सोबत पासपोर्ट, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला कागद), औषधं, इन्सुलिन, दागिनेही काढा. त्यासाठी एक घडीची कापडी पिशवी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात असू द्या. जाकीट अंगातच ठेवा. जानेवारीत उतरल्यावर एरोब्रिजच्या तोंडाशी, बाजूच्या दारातून एकेक बॅग वर येईपर्यंत दहा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि ते दार सताड उघडं असतं.

याहून वाईट प्रकार वजनाचा. पिओरियाला हवा खराब असली की पर्यायी विमानतळापर्यंतचं जादा इंधन भरतात. विमान लहान, त्यामुळे तेवढंच वजन दुसरीकडून कमी करावं लागतं. आधी बॅगा मागे राहतात, मग माणसं. आणि खरी मेख इथे आहे: जागा नाकारली तर मिळणारी रोख भरपाई ६० किंवा त्यापेक्षा कमी सिटांच्या विमानात वजनाच्या कारणासाठी देणं बंधनकारक नाही. स्वयंसेवक मागितले तर व्हाउचर मिळतं, सक्तीने उतरवलं तर काही नाही. त्यामुळे घोषणा झाली आणि मागून दुसरी फ्लाइट असेल, तर स्वतःहून हात वर करा.

फ्लाइट रद्द होण्याचंही गणित आहे. शिकागोच्या ओ'हेर विमानतळावर वादळ किंवा बर्फ आलं की तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घटवतात. एअरलाइन मिळालेल्या जागा १८० सिटांच्या विमानाला देणार की ५० सिटांच्या? पहिली कुऱ्हाड पिओरियासारख्या फेऱ्यांवर पडते. म्हणून दिवसाची शेवटची फ्लाइट कधीच घेऊ नका आणि दीड-दोन तासांचं कनेक्शन एजंट कितीही गोड बोलून विकत असला तरी नको. टर्मिनल ५ ला इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स, मग ट्रेनने दुसरं टर्मिनल आणि पुन्हा सिक्युरिटी. चार तास ठेवा.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. कस्टम्ससाठी बॅगा आपल्या हातात येतात. त्या पुन्हा पट्ट्यावर देण्याआधी, तिथेच उभं राहून अ‍ॅपमध्ये पुढच्या फ्लाइटची स्थिती बघा. रद्द झाली असेल किंवा तीन तासांवर उशीर असेल तर बॅगा देऊ नका; एकदा दिल्या की त्या कधी आणि कुठे भेटतील याचा नेम नाही. पिओरियाला रस्त्याने पावणेतीन-तीन तास लागतात आणि ओ'हेरहून ‘पिओरिया चार्टर’ या कंपनीची बस आहे. ब्लूमिंग्टनला जायचं असेल तर ब्लू लाइन मेट्रोने क्लिंटन स्टेशन, तिथून चालत युनियन स्टेशन आणि अ‍ॅमट्रॅकच्या रेल्वेने सव्वादोन तासांत ब्लूमिंग्टनला लागूनच असलेलं नॉर्मल हे गाव. दोन मोठ्या बॅगा जिन्यांवरून ओढायची तयारी हवी.

पण निघण्याआधी काउंटरवर जाऊन तो टप्पा तिकिटातून रीतसर काढून घ्या. न सांगता गेलात तर ‘नो-शो’ (प्रवासी आलाच नाही) अशी नोंद होते आणि परतीचं तिकीटही रद्द होतं. रद्द झालेल्या किंवा नियमात बसेल इतक्या उशिराच्या फ्लाइटने न गेल्यास न वापरलेल्या टप्प्याचे पैसे परत मिळतात, क्रेडिट कार्डावर सात कामकाजी दिवसांत. व्हाउचर पुढे केलं तर घेऊ नका.

बॅग आलीच नाही तर पिओरियाचा विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय तिकिटाचाच भाग असल्याने या टप्प्यालाही आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाच्या भरपाईचा माँट्रियल करार लागू होतो: मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिराची २१ दिवसांत.

सीट निवडताना सीआरजे-२०० मध्ये शेवटच्या तीन-चार रांगा सोडा. इंजिनं आणि संडास तिथेच आहेत. आई-वडिलांसाठी व्हीलचेअर सांगितली असेल तर ती विमानाच्या दारापर्यंतच येते, आतली वाट अरुंद आहे. विमानात चढण्यापूर्वीच संडासला जाऊन घ्यायला सांगा. चहापाण्याची अपेक्षा ठेवू नका. हवेत अर्धा-पाऊण तासच असतो आणि धक्के असले तर होस्टेस उठतच नाही.

परतीला पिओरियाहून सकाळची पहिली फ्लाइट बरी, कारण विमान रात्रीच येऊन उभं असतं. आदल्या रात्री ते किती वाजता उतरलं हे मात्र अ‍ॅपमध्ये बघून ठेवा. क्रूला दहा तासांची विश्रांती सक्तीची आहे. विमान रात्री साडेअकराला उतरलं असेल आणि बदली क्रू नसेल, तर सहाची फ्लाइट सहाला सुटत नाही.