राणीछाप

परवा दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणलं. सुट्टे परत आले त्यात ५० पेन्सचं एक नाणं होतं. तेच सात कोनांचं. उलटून पाहिलं तर राणी नाही, चार्ल्स. तोही डावीकडे तोंड केलेला. त्याची आई उजवीकडे बघायची. गादीवर नवा माणूस आला की नाण्यावरच्या तोंडाची दिशा बदलायची, ही इथल्या टांकसाळीची जुनी चाल. माझ्या मनात मात्र आधी आलं ते असं, की हे टीव्हीत चालेल का?

आमचा इंग्लंडमधला पहिला टीव्ही पैसे खायचा. बर्मिंगहॅमजवळ वॉल्सॉलला राहायचो तेव्हा. टीव्ही भाड्याचा, आणि त्याच्या मागे एक पत्र्याची पेटी. तिच्या फटीत ५० पेन्स घातले की चित्र यायचं, पैसे संपले की जायचं. आधी सूचना वगैरे काही नाही. मधूनमधून एक माणूस येऊन पेटी रिकामी करायचा, जेवणाच्या टेबलावर नाण्यांच्या चवडी लावून मोजायचा, आणि भाड्यापेक्षा जास्त निघालेले पैसे आईच्या हातावर ठेवायचा. आईला ती आपली बचत वाटे.

नाण्यावर अर्थातच राणी. माझी आजी व्हिक्टोरियाच्या रुपयाला राणीछाप म्हणायची, तेच नाव आईने या नाण्याला दिलं. "राणीछाप आहे का रे एखादा?" असं ती विचारायची, आणि बाबा खिसे चाचपायचे.

१४ नोव्हेंबर १९७३. राजकन्या ॲनचं लग्न. शाळेला सुट्टी होती. मी सात वर्षांचा. बाबा म्हणाले, "आज नेहरूंचा वाढदिवस, म्हणून सुट्टी," आणि मी ते खरं धरून दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. (चार्ल्सचाही वाढदिवस त्याच दिवशी, पंचविसावा. हे मला फार उशिरा कळलं.) कोळसा खाणींतल्या कामगारांचं आंदोलन चालू होतं, आदल्याच दिवशी सरकारने आणीबाणी जाहीर केली होती, आणि आमच्या घरात सगळे सकाळपासून आंघोळी उरकून टीव्हीसमोर. आईने तर साडी बदलली होती. लग्न म्हणजे लग्न.

बाबा पेपर तोंडासमोर धरून बसले. त्यांचे वडील बेचाळीसला सहा महिने आत होते. "यांची लग्नं बघायची, आणि वर पेटीत पैसे आपणच घालायचे," एवढं बोलून ते पेपराआडून बघत राहिले.

निवेदक इतका हळू बोलायचा की देवळात गाभाऱ्याशी उभा आहे असं वाटावं. आईचं निवेदन त्याच्यावरून वेगळं चालू. वेस्टमिन्स्टर ॲबीत नवरी बापाच्या हाताला धरून आली, मागे एक मुलगी आणि धाकटा भाऊ एडवर्ड. "एवढी राजाची लेक, आणि करवली एकच?" आमच्याकडे मावशीच्या लग्नात सात करवल्या होत्या, त्यांतल्या दोघी तर बोलावलेल्याही नव्हत्या.

आर्चबिशप काहीतरी म्हणायला लागले, नवरा-नवरी समोरासमोर झाली, आणि टक्. पडदा काळा. मधोमध एक पांढरा ठिपका, तोही विझला.

घरात एकही राणीछाप नव्हता. डबे, पर्स, कोटांचे खिसे, सगळं झालं. शेवटी बाबा पायजम्यावर ओव्हरकोट चढवून शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे गेले. बेचाळीसच्या सत्याग्रहीचा मुलगा, राणीच्या मुलीच्या लग्नासाठी, राणीचं नाणं उसनं मागायला. त्या बाईंनी नाण्याबरोबर केकचा तुकडाही दिला, त्यात वेळ गेला. चित्र परत आलं तोवर लग्न लागलं होतं. आई म्हणाली, "जाऊ दे. अंतरपाट धरला होता म्हणायचं."

आमचा टीव्ही कृष्णधवल. तेव्हा लायसन्स ७ पौंड आणि रंगीतचं १२, म्हणजे प्रश्नच नव्हता. त्यामुळे राजवाड्याच्या शिपायांचे कोट माझ्या डोक्यात कायमचे राखाडी बसले. पुढे लंडनला सहलीत ते लालभडक शिपाई प्रत्यक्ष पाहिले तेव्हा मला ते तमाशातल्यासारखे वाटले. अजूनही वाटतात. असल्या समारंभांत रंग आला आणि मजा गेली, असं माझं ठाम मत आहे आणि ते कुणाला पटत नाही.

१९८१ला डायनाच्या लग्नापर्यंत पेटी गेली होती. काचेच्या बग्गीतून ती सेंट पॉल्सच्या पायऱ्यांशी उतरली, मागे पंचवीस फुटांचा घोळ, आणि सगळा झगा चुरगळलेला. आई कळवळली. "अगं, एवढ्या बायकांत एकीलाही इस्त्री सुचू नये?" मग शपथ घेताना डायनाने चार्ल्सच्या नावांचा क्रम चुकवला, फिलिप आधी म्हणून गेली. आईने जोरात मान डोलावली. "होतंच. चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे जीभ वळत नाही. मी तर उखाणाच विसरले होते." बाबा पेपराआडून म्हणाले, "विसरली नव्हतीस, चुकीचा घेतलास." तो कुठला, ते दोघांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

६ मे २०२३ला चार्ल्सचा राज्याभिषेक. आई माझ्याकडे होती. तिचं विसरणं तेव्हा बरंच वाढलं होतं; मला कधी ओळखायची, कधी भाऊ समजायची. टीव्ही भिंतभर आणि रंगीत. मी आवाज कमी केला, म्हटलं आई बोलेल. ती बोलली नाही. मुकुट, बग्ग्या, तुताऱ्या, सगळं नुसतं बघत होती.

मग तेलाचा अभिषेक आला. राज्याभिषेकातला तेवढा भाग कुणाला दाखवत नाहीत. १९५३ला एलिझाबेथच्या वेळीही कॅमेऱ्यांनी तो दाखवला नव्हता. भरतकाम केलेले पडदे आणून तीन बाजूंनी उभे केले आणि चार्ल्स दिसेनासा झाला.

आई एकदम ताठ बसली.

"संपले बघ पैसे," ती म्हणाली. "ह्यांना म्हणावं, शेजारून एक राणीछाप घेऊन या. लवकर."

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि पडदे बाजूला होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.