पट्टी उतरली

त्या संध्याकाळी सगळे मिळून पियानो जुळवणाऱ्या माणसावर घसरले, आणि त्यात मीही होतो. तोंडाने काही बोललो नाही, एवढंच.

मी जहाजावर आवाजाचं काम बघतो. माइक, मिक्सर, मॉनिटर, केबल. एरवी आमच्या रंगमंचावर जादूचे प्रयोग, बिंगो आणि नाचगाणी चालतात. पण वर्षातून एखाद्या वेळी सगळं जहाजच कोणीतरी भाड्याने घेतं आणि मग आठवडाभर सकाळपासून रात्री दोन-अडीचपर्यंत नुसतं जॅझ. फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्स बंदरातून निघायचं, कॅरिबियनमधली दोन-तीन बेटं करायची आणि परत यायचं. प्रवाशांना बेटांशी फारसं देणंघेणं नसतं. जहाज किनाऱ्याला लागलं तरी निम्मे लोक खाली उतरत नाहीत, कारण दुपारी कोणाचा तरी सेट असतो.

कलाकारांची मात्र या सफरीत गोची असते. कार्यक्रम संपला की मागच्या दाराने गाडीत बसून पळायची सोय नाही. रात्री ज्याच्या सोलोला सगळं सभागृह उठून उभं राहिलं, तोच सकाळी ऑम्लेटच्या रांगेत तुमच्या पुढे रिकामी बशी घेऊन उभा. लिफ्टमध्ये भेटतो, कपडे धुवायच्या खोलीत भेटतो. काहींना हे आवडतं, काही तिसऱ्या दिवसापासून टोपी डोळ्यांवर ओढून फिरतात. आणि श्रोते तर असे की त्यांच्यापुढे चूक लपत नाही. बहुतेक पिकल्या केसांचे, चाळीस-चाळीस वर्षं ऐकत आलेले. १९८०च्या दशकात ‘नॉर्वे’ नावाच्या जहाजावर जॅझ महोत्सव होत. जहाजाचं मूळ नाव ‘फ्रान्स’, ३१५ मीटर लांबीचं. डिझी गिलेस्पी, क्लार्क टेरी, जो विल्यम्स अशी मंडळी त्यावर वाजवून-गाऊन गेली. त्या सफरी केलेले प्रवासी आजही भेटतात आणि आमच्या प्रत्येक गोष्टीची तुलना ‘नॉर्वे’शी करतात. त्यात आम्ही कधीच जिंकत नाही.

त्या वर्षी आमच्याकडे हॅमंड बी-३ ऑर्गन आला होता. हा १९५४ ते १९७४ या काळात बनलेला बाजा. बाजा कसला, कपाटच. पेडल आणि बाकासकट पावणेदोनशे किलोच्या वर, शिवाय सोबत लेस्ली स्पीकरचं लाकडी खोकं. आधीचे प्रवासी उतरल्यापासून नवे चढेपर्यंत जे चार-पाच तास मिळतात, त्यात सहा जणांनी तो मालाच्या दारातून आत घेतला आणि मुख्य लाउंजच्या स्टेजवर चढवला. एकदा ठेवला तो ठेवला. बोट हलली तर घसरू नये म्हणून पट्ट्यांनी आवळून टाकला, शेजारी पियानोही तसाच.

वाजवणारे गृहस्थ फिलाडेल्फियाचे, सत्तरी ओलांडलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला तो सुरू करायला शिकवलं. दोन खटके असतात. ‘स्टार्ट’चा खटका आठेक सेकंद दाबून धरायचा, मग तो न सोडता ‘रन’चा लावायचा, आणखी चार सेकंद थांबायचं, मग पहिला सोडायचा. आतून आधी घरघर येते, मग ती स्थिर होते. “घाई केलीस तर रुसतो,” ते म्हणाले.

तिसरा दिवस समुद्रावरचा होता, कुठेही थांबा नाही. पियानो जुळवणारे पहाटे पाचला आले. ते पूर्ण सफरीसाठी आलेले असतात आणि रोज जुळवतात. एसी, दमट हवा, उघडी-बंद होणारी डेकची दारं, यांत पियानो रोज थोडा हलतोच. दहाच्या सुमारास ऑर्गनवाले रियाज करायला आले, तेव्हा दोघांनी ‘ए’ हा स्वर, ज्याला प्रमाण धरून वाद्यं जुळवतात तो, ताडून पाहिला. जुळत होता. दुपारी ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स असा तिघांचा सेट झाला. झकास झाला. ऑर्गन-त्रिकुटात बास वाजवणारा लागत नाही, डावा हात आणि पाय ते काम करतात. ऑर्गनवादक जिमी स्मिथने १९५०च्या दशकात हा साचा गाजवला आणि अजून तो जुना झालेला नाही.

संध्याकाळी साडेसातला खास कार्यक्रम होता. ऑर्गनचं त्रिकूट आणि पियानोवालीचा संच एकत्र, वर सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि गायिका. ऑर्गन आणि पियानो सहसा एका स्टेजवर आणत नाहीत, दोघांची जागा एकच असल्यामुळे ते एकमेकांच्या पायात येतात. पण दोघांनाही हौस होती.

साडेपाचला साउंडचेक सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या बारमध्येच, म्हणजे तालाच्या चौथ्या-पाचव्या आवर्तनातच, गायिकेने हात वर केला. “हे काय आहे?”

काय आहे ते सगळ्यांनाच ऐकू येत होतं. पियानो आणि ऑर्गन एकच स्वर धरत होते आणि मधे डुगडुगणारी लहर उठत होती. सॅक्सोफोनवाल्याने माउथपीस थोडं आत-बाहेर केलं, मग वैतागून विचारलं, “कोणाशी जुळवू? दोघांपैकी एक सांगा.” ट्रम्पेटवाला गप्प, स्लाइड हातात धरून.

आता अशा वेळी दोष कोणाचा? बी-३ बेसूर होतच नाही, हे सगळ्यांना पाठ. त्यात पिळायला खुंटीच नाही. उरला पियानो. पियानोवालीने दोन पट्ट्या वाजवल्या, मान हलवली. आयोजकांचा माणूस थेट म्हणाला, “सकाळी जुळवलाय ना?” आणि सगळे त्या जुळवणाऱ्याकडे बघायला लागले. पासष्टीचा माणूस, पहाटे पाचपासून उभा. त्याने उत्तर दिलं नाही. पिशवीतून किल्ली काढली, ‘ए’ची तार तपासली, परत ठेवली. मला वाटलं, दमलाय, चुकला असेल. हे मी मनातल्या मनात म्हटलं, आणि ते मला आजही बोचतं, कारण माझ्या हातात मोजायचं साधन होतं आणि मी ते अजून काढलंही नव्हतं.

काढलं. पियानोचा ‘ए’ : ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. बरोबर. गिटारचा : ४३६च्या आतबाहेर. “अरे, मग गिटार उतरलीय,” मी म्हणालो. गिटारवाला म्हणाला, “मी दुपारी ऑर्गनशी जुळवली. ऑर्गन असला की ट्यूनर खिशात.” म्हणजे दुपारचा सेट झकास झाला तो असा. तिघांत स्थिर स्वराचं वाद्य एकच, आणि बाकीचे त्याच्या मागून गेले.

ऑर्गनचा ‘ए’ : ४३५.६. सतरा सेंट खाली. एका सेमीटोनचे, म्हणजे सा ते कोमल रे एवढ्या अंतराचे १०० भाग केले तर त्यातले १७. एकट्यात कळणार नाही, पियानोशेजारी मात्र कान दुखतील.

ऑर्गनवाले नाराज झाले. “यात उतरायला काही नाहीच. तारा नाहीत, फुंकर नाही. आत ९१ चाकं आहेत आणि ती फिरवणारी एक मोटर.”

तेव्हा पियानो जुळवणारे पहिल्यांदा बोलले. “सकाळी दहाला आपण ताडून पाहिलं होतं. दहानंतर या खोलीत काय बदललं?”

कोणीच काही बोललं नाही. मग ऑर्गनवालेच हळूच म्हणाले, “युरोपात गेलो की मी कन्व्हर्टर नेतो. तिकडची वीज ५० हर्ट्झची, आपली ६०. तसाच लावला तर तीन सेमीटोन खाली बोलतो.”

आम्ही तिघांनी एकदमच भिंतीतल्या सॉकेटकडे पाहिलं.

लॉरेन्स हॅमंड आधी विजेची घड्याळं बनवायचा. त्याच घड्याळांची सिंक्रोनस मोटर त्याने १९३५मध्ये बाजात बसवली. अशी मोटर विजेच्या वारंवारतेच्या तालावरच फिरते : ६० हर्ट्झला मिनिटाला बरोबर १२०० फेरे, आणि त्या वेगाला ‘ए’ बरोबर ४४०. जमिनीवर हे कोणाच्या लक्षातही येत नाही, तिथली वीज लाखो घरांच्या जाळ्यातली, ती इतकी हलत नाही. जहाजावरची वीज मात्र खालच्या चार-पाच इंजिनांची.

मल्टिमीटर हर्ट्झवर लावून सॉकेटमध्ये घातला. ५९.४. एक टक्का कमी, आणि ४४०च्या एक टक्का कमी म्हणजे नेमके ४३५.६. मी आकडा मोठ्याने वाचला. पियानो जुळवणाऱ्यांनी नुसतं “हं” केलं आणि किल्ली पिशवीत टाकली.

इंजिन कंट्रोल रूमला फोन लावला. विजेचा अधिकारी म्हणाला, “सकाळी अकरापासून वीजनियंत्रणाच्या पॅनेलचं काम चालू आहे. आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवलीय. भार वाढला की जनित्रं किंचित मंदावतात, तेवढंच.” मी म्हटलं, हाताने थोडं वर नेता येईल का? “का? तुमचं काही बंद पडलंय?” बंद नाही, बेसूर आहे. पलीकडे बराच वेळ शांतता. मग : “नियमाने अधिक-उणे पाच टक्के चालतं. एका बाज्यासाठी मी जहाजाची फ्रिक्वेन्सी हलवू? मुख्य अभियंत्याने सांगितलंय, काम संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.”

त्याचंही बरोबरच होतं. पण पाच टक्के म्हणजे जवळजवळ अख्खा सेमीटोन. कायद्याने हे जहाज सा वरून खालच्या शुद्ध नी पर्यंत घसरलं तरी चालणार होतं.

पियानो उतरवायचा का? सव्वादोनशेच्या वर तारा, दीड तास हातात, आणि सकाळी पुन्हा चढवायच्या. शिवाय ५९.४ तसाच राहील याची खात्री कोणाला? जुळवणाऱ्यांनी नकार दिला आणि या वेळी कोणी त्यांच्याशी वाद घातला नाही.

मला आठवला तो प्रोजेक्टरच्या रॅकमधला यूपीएस. ऑनलाइन प्रकारचा, म्हणजे आलेली वीज एकदिश करून पुन्हा स्वतः नवी बनवणारा. धावत जाऊन ओढत आणला, त्यावरचा स्लाइड शोचा संगणक सोडवला, ऑर्गन जोडला, खटक्यांचा सगळा विधी केला, मोजलं : ४३५.६! शहाणा यूपीएस येणाऱ्या विजेच्या पावलावर पाऊल ठेवून चालत होता. त्याची भिंतीतली पिन काढली, बॅटरीवर गेला आणि मीटरवर ६०.० आलं. पण बॅटरी किती टिकणार? लेस्लीची वीज ऑर्गनमधूनच जाते, म्हणजे तोही भार यावरच. पडद्यावर वीस-बावीस मिनिटं दिसत होती. सेट सव्वा तासाचा.

पुस्तिका मोबाइलवर शोधली. मेनूच्या पार आत ‘फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर’ अशी एक सोय होती, बाहेर काहीही येवो, आत ठरलेलं ६० ठेवायची. त्यासाठी यूपीएस पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. सात वाजून गेले होते, बाहेर दारापाशी रांग लागली होती. आयोजकांचा माणूस स्लाइड शो का नाही म्हणून माझ्या डोक्यावर उभा. प्रायोजकांची नावं त्यात होती. मी म्हटलं, नावं वाचून दाखवा, पण हा संगणक आता इथे लागणार नाही. एरवी मी असं बोलत नाही.

यूपीएस सुरू व्हायची वाट बघत आम्ही स्टेजच्या कडेला बसलो तेव्हा ऑर्गनवाल्यांनी फेट मॅरेबलची गोष्ट सांगितली. मिसिसिपीवरच्या वाफेच्या बोटींवर त्याचा बँड असे, तरुण लुई आर्मस्ट्राँग त्यातच वाजवून तयार झाला. मॅरेबल स्वतः डेकवरचा कॅलिओपीही वाजवायचा, बोटीच्या वाफेवर चालणाऱ्या शिट्ट्यांचा बाजा. वाफ कमी-जास्त झाली की सूर हलायचा. “शंभर वर्षं झाली,” ते म्हणाले, “आम्ही अजून इंजिनवाल्याच्याच हातात.”

हिरवा दिवा लागला. आठ सेकंद, चार सेकंद. त्यांनी ‘ए’ धरला. जुळवणारे पियानोशी गेले आणि तोच स्वर एका बोटाने वाजवला. दोघांनी मिळून तो बराच वेळ धरून ठेवला, पियानोचा विरत जाईपर्यंत. लहर नव्हती. पियानोवाली हसली. मग ती जुळवणाऱ्यांजवळ जाऊन काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

कार्यक्रमाचं फारसं सांगत नाही, मी सव्वा तास एका डोळ्याने यूपीएसच बघत होतो. तिसऱ्या गाण्यात पियानो आणि ऑर्गन चार-चार बार आळीपाळीने घ्यायला लागले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शेजाऱ्याचा दंड धरला, एवढं मात्र पाहिलं. साडेनऊला कंट्रोल रूममधून फोन आला. पॅनेलचं काम संपलंय, ६०.० आहे. “तुमचा बाजा काय म्हणतोय?” त्याने विचारलं. मी रिसीव्हर लाउंजच्या दारातून आत धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी मुद्दाम उठून लाउंजमध्ये गेलो. माफी कशी मागायची ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं. ते पियानोत वाकून बसले होते, दातांत एक रबरी पाचर धरून. मी “काल मी...” एवढंच म्हणालो.

“आलायस तर टॉर्च धर,” ते दातांतूनच म्हणाले. “डावीकडे. आणखी थोडी. हां, आता बोलू नकोस, ऐकू दे.”