माझा अनुभव: तासाभराची सत्रं आणि 10 मिलीची सिरिंज

मी स्पीच थेरपिस्ट आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्लिनिक चालवते. आमची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे नोंदणीनंतरही चालू ठेवायच्या व्यावसायिक शिक्षणाचे 100 गुण जमवावे लागतात. गुणांचे कार्यक्रम बहुतेक दोन-तीन दिवसांचे, मोठ्या शहरात. जायचं म्हटलं की क्लिनिक बंद आणि मुलांच्या थेरपीचे खाडे. तिथे ऐकायला भरपूर मिळतं, पण व्याख्यानांवर व्याख्यानं होतात आणि करून बघायला वेळच उरत नाही. परत आल्यावर समोरच्या रुग्णासाठी त्यातलं काय उपयोगाचं, हे आपलं आपणच शोधायचं.

माझी खरी अडचण होती गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णांची. पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेली माणसं फिजिशियन माझ्याकडे पाठवायचे. चिठ्ठीवर ‘घट्ट पातळ आहार’ एवढंच. घट्ट म्हणजे किती? प्रत्येक घरात त्याचा अर्थ वेगळा.

आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ मॅडमनी यावर उपाय काढला. स्पीच थेरपिस्ट, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आहारतज्ञ असे काही जण एकत्र आलो आणि ओपीडी संपल्यावर रात्री ऑनलाइन तासाभराचं सत्र सुरू केलं. एका सत्रात एकच कौशल्य. पाऊण तास करून बघायचं, उरलेला वेळ प्रश्नांना. याला सीआरईचे गुण नाहीत, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. तरी कुणी गळलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सर्वांत उपयोगी पडलं ते इड्सीचं सत्र. गिळण्याचा त्रास असलेल्यांच्या अन्नपाण्याची ही जगभर वापरली जाणारी मोजणी. 0 ते 7 अशा पातळ्या असतात. साधं पाणी 0 आणि नेहमीचं जेवण 7. मॅडमनी आदल्या दिवशी निरोप पाठवला होता: घरातलं ताक, तांदळाची पेज, नाचणीची आंबील, गाळलेलं वरण आणि एक 10 मिलीची सिरिंज घेऊन बसा. सिरिंजवर शून्यापासून 10 च्या खुणेपर्यंत 61.5 मिलिमीटर अंतर हवं, म्हणून आधी पट्टीने मोजून घ्यायला लावलं. मग दट्ट्या काढायचा, खालचं टोक बोटाने बंद करायचं, 10 मिलीपर्यंत भरायचं, बोट काढायचं आणि 10 सेकंदांनी परत लावायचं. आत 1 ते 4 मिली उरलं तर पातळी 1, 4 ते 8 उरलं तर 2, 8 च्या वर उरलं तर 3. एक थेंबही पडला नाही, तर मग काटा-चमच्याच्या चाचण्या. माझं ताक झरकन वाहून गेलं. आंबील गरम असताना एका पातळीची, निवल्यावर दुसऱ्या पातळीची. तेव्हापासून रुग्ण ज्या तापमानाला पितो, त्याच तापमानाला मी मोजते.

त्याच सत्रात आहारतज्ञ ताईंनी सांगितलेली एक गोष्ट मी आता प्रत्येक घरी सांगते. पेजेचा घट्टपणा तिच्यातल्या स्टार्चमुळे असतो आणि लाळेतलं अमायलेज, म्हणजे स्टार्च पचवणारा पाचकरस, तो मोडतं. तोंडात गेलेला चमचा परत वाटीत बुडवला की वाटीतली पेज हळूहळू पातळ होत जाते.

पुढच्याच आठवड्यात एक आजोबा आले. सोबत सूनबाई. “मॅडम, आम्ही पाणी बंदच केलंय. पेजच देतोय की, तरी ठसका लागतोय.” ठसका कधी लागतो, विचारलं. म्हणाल्या, “वाटी संपत आली की.” मी म्हटलं, “ताई, घरी देता तसंच इथे भरवून दाखवा.” त्यांनी एकच वाटी, एकच चमचा घेऊन भरवायला सुरुवात केली. निम्म्यावर मी वाटी घेतली आणि उरलेली पेज सिरिंजमध्ये ओतली. सुरुवातीला पातळी 2 होती, आता 1. सूनबाईंनी ते स्वतः पाहिलं, त्यामुळे वेगळं समजावायची गरज पडली नाही. छोट्या वाटीत थोडी थोडी पेज काढून घ्यायची, भरवायचा चमचा मोठ्या भांड्यात घालायचा नाही, एवढंच ठरवलं. ठसका बराच कमी झाला. तरीही मी त्यांना मिरजेला दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवलं, कारण काही रुग्णांच्या श्वासनलिकेत अन्न उतरतं आणि खोकलाही येत नाही. सिरिंज पदार्थ मोजते, रुग्णाचं गिळणं मोजत नाही. ही मर्यादा घरच्यांना सांगणं माझं कामच आहे.

पोळी दुधात कुस्करून देण्याबद्दलही असंच. घरच्यांना ते मऊ म्हणून सुरक्षित वाटतं, पण दूध आधी घशात उतरतं आणि तुकडे मागे राहतात. अशा दुहेरी पदार्थांवर आम्ही एक अख्खं सत्र घेतलं.

तुमच्या तालुक्यात असं काही सुरू करायचं असेल, तर फिजिओ आणि आहारतज्ञांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. विषय चालू आठवड्यातल्या रुग्णावरून निवडा, फक्त त्याचं नाव आणि ओळख पटेल असा तपशील सत्रात येऊ देऊ नका. गुणांचे मोठे कार्यक्रम नूतनीकरणासाठी करावेच लागतात, ते मीही करते. आमचं पुढचं सत्र ट्रॅकिओस्टॉमी झालेल्या, म्हणजे श्वासासाठी गळ्यातून ट्यूब बसवलेल्या रुग्णांवर आहे. मिरजेच्या एक नर्सताई ट्यूबची सफाई दाखवणार आहेत.