हळदीच्या दुधाने मावा पचत नाही

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात तोंडात काही झालं की मराठी घरांत पहिली हळदच आठवते, आता त्यात व्हॉट्सअॅपवरच्या कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्याच एका घटकाच्या, गोळ्या आणि ग्रीन टी. माझा आतेभाऊ रोज मावा खातो, गुटखा २०१२ ला गुजरातेत बंद झाला पण मावा कुठे बंद झाला, प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारीची कात्रण, चुना, तंबाखू घालून चोळत बसतो. गालात आतून पांढरा चट्टा आलाय, सेवउसळीचा घास घेतला की डोळ्यांत पाणी, तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत तिथे दोन जेमतेम जातात. वहिनी बिचारी रोज रात्री हळदीचं दूध देते.

हळदीत काही नाही असं नाही हं. अशा चट्ट्यांवर आपल्याच देशात २२३ लोकांची चाचणी झाली, २०१६ ला छापून आली. सहा महिने रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन, ६७.५ टक्के लोकांना फरक पडला, पण ज्यांना औषध नसलेली गोळी दिली त्यांच्यातही ५५.३ टक्क्यांना पडलाच, आणि बायोप्सीत, म्हणजे चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासला त्यात, ठळक फरक नव्हता. शिवाय हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के, म्हणजे तेवढ्यासाठी रोज शंभर ग्रॅमच्या वर हळद खावी लागेल! ग्रीन टीच्या अर्काने अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत चट्टे कमी झाले पण कॅन्सर टळला असं काही दिसलं नाही.

आणि "झाडाचंच आहे ना" म्हणाल तर सुपारीपण झाडाचीच. तिच्यातलं अॅरेकोलिन गालाच्या आतल्या पेशींना जास्त कोलॅजन करायला लावतं, ते नीट विरघळत नाही, मग आत कडक पट्टे पडतात आणि तोंड उघडेनासं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसली तरी, कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. ती रोज गालात धरायची आणि वर दूध प्यायचं, यात दूध काय करणार?

केरळात मात्र आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसती तोंडं तपासली तर तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्के कमी झाले, २००५ ला आकडे आले. म्हणून सांगते, चट्टा किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांच्या वर राहिली तर दाखवा, बायोप्सी सांगितली तर पुढे ढकलू नका. दादाला या आठवड्यात मीच घेऊन जातेय, वहिनीपण येतेय.