चिखलदऱ्याला जानेवारीत जाताय? गॅस गिझर आधी पेटवून बघा

खोली ठरवताना फोनवर ‘चोवीस तास गरम पाणी’ सांगितलं होतं, खोलीच्या दारावरही तेच रंगवलेलं होतं. साफ खोटं. अकोला-अमरावतीच्या थंडीवरून चिखलदऱ्याचा अंदाज बांधू नका, अकराशे मीटरवरची पहाट वेगळीच असते. गाविलगड, भीमकुंड, घाट यांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते तिकडे वाचा.

नळ सोडला तर गिझर गप्प. केअरटेकर म्हणाला, “थंडीनं गॅस जमून जाते ना भाऊ. बादली आणून देतो, पन्नास रुपये.” चार माणसांचे रोज दोनशे! ही शुद्ध लूट आहे, कारण सांगितलेलं कारणच खोटं. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतं. ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते, पण प्रोपेन उणे ४२ पर्यंत उकळतं. चिखलदऱ्यात सिलिंडरमधला गॅस गोठत नाही. फार तर तळाला आलेला असेल तर गारठ्यात दाब पडतो आणि गिझरच्या मोठ्या ज्योतीला गॅस पुरत नाही.

आधी कान द्या. नळ सोडल्यावर टकटक आवाज येत नसेल तर गॅसचा संबंधच नाही: सेल मेलेत किंवा पाण्याला जोर नाही. खालचे दोन मोठे सेल बदला. दोन्ही नवे हवेत, एक जुना एक नवा चालत नाही. (घरूनच न्या, वर दुकानं उशिरा उघडतात.) तरीही गप्प असेल तर पाणी बघा. आत रबरी पडदा असतो. पाण्याच्या दाबानं तो सरकला तरच ठिणगी पडते आणि गॅस सुटतो. आमच्याकडे टाकी स्लॅबवर जेमतेम हातभर उंच होती. शॉवर बंद करून खालचा नळ पूर्ण सोडला, काही नाही. मग कॉक बंद करून पाण्याच्या पाइपचा नट पान्यानं सोडला, तर आतली जाळी गाळानं गच्च! जुन्या ब्रशनं घासून बसवली आणि भक्कन पेटला. त्या सकाळी मी बादलीचा एक रुपयाही दिला नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

टकटक होते पण ज्योत नाही, तर रेग्युलेटर चालू आहे का, सिलिंडर हलका लागतो का बघा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीतली हवा निघेपर्यंत दोन-तीनदा नळ बंद-चालू करावा लागतो, त्याहून जास्त नाही. वास आला की लगेच थांबा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. गळतीसाठी १९०६ लावा. सिलिंडरवर उकळतं पाणी ओतणाऱ्याला तिथल्या तिथे अडवा.

गिझर बाथरूमच्या आत असेल तर ती खोली घेऊच नका, कितीही स्वस्त मिळो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि माणूस आंघोळ करता करता जातो. दुसरी खोली मिळत नसेल तर झरोका उघडा ठेवा, दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आत जा.