सबस्टेशनच्या कुंपणावर सेन्सर बसवताना

सबस्टेशनमधली अर्थिंगची पट्टी, म्हणजे यंत्रांना जमिनीशी जोडणारी तांब्याची पट्टी, चोरीला गेली तर लगेच कुणाला कळत नाही. फीडर (गावाकडे जाणाऱ्या वीजवाहिन्या) चालू असतात, गावात दिवे असतात. पण ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा जमिनीशी संबंध तुटला असेल, तर उद्या तार तुटून शेतात पडल्यावर अर्थ फॉल्ट रिले (वीज जमिनीत जात असल्याचं ओळखणारं उपकरण) ब्रेकर पाडून पुरवठा तोडेलच याचा भरवसा राहत नाही. दोन-चार किलो तांब्यासाठी चोर स्वतःही जिवाला मुकतो आणि वायरमनलाही धोक्यात घालतो. म्हणून विदर्भातल्या एका ३३/११ केव्ही (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणणाऱ्या) सबस्टेशनच्या कुंपणाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ते मनापासून घेतलं.

तिथे आधीचे पीआयआर, म्हणजे उष्णतेवरून हालचाल ओळखणारे, सेन्सर होते. अंगाची उष्णता आणि मागच्या जमिनीची उष्णता यांतला फरक ते टिपतात. मे महिन्यात यार्डातली खडी रात्र चढली तरी तापलेली राहते. मग फरकच उरत नाही आणि माणूस समोरून गेला तरी सेन्सर गप्प. थंडीत मात्र कुत्रं फिरलं तरी भोंगा. रात्रपाळीचे ऑपरेटर वयाने मोठे. ते म्हणाले, "साहेब, हा रोज रात्री बोंबलतो. किती वेळा उठायचं?" त्यांनी भोंग्याची वायरच काढून ठेवली होती. मला ते पटलं. ज्या अलार्मवर विश्वास नाही तो नसलेलाच बरा, कारण कागदावर बंदोबस्त आहे असं दिसत राहतं.

आम्ही जाळीच्या कुंपणावर ऑप्टिकल फायबरची केबल बांधायचं ठरवलं. कुणी जाळी कापली किंवा तिच्यावर चढला की फायबर हलतो, त्यातल्या प्रकाशात बदल होतो आणि कंट्रोल रूममधलं यंत्र तो ओळखतं. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे यार्डातल्या विद्युत-चुंबकीय गोंधळाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तांब्याच्या सिग्नल वायरींनी हीच डोकेदुखी दिली असती.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सेन्सरने नव्हे, कुंपणाने खाल्ला. सैल जाळी वाऱ्याने थडथडते, वेली चढतात, माकडं लोंबकळतात. आधी जाळी ताणून घेतली, वाकलेले खांब सरळ केले, दोन्ही बाजूंचं गवत काढलं. कुंपणाची अर्थिंग कुठेही सुटू दिली नाही. वीज चालू असलेल्या भागाजवळ काम आलं की परमिट (कामाची लेखी परवानगी) घेतल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे ठेकेदाराच्या पोरांना रोज सांगावं लागलं. मग कुंपणाचे भाग पाडून प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी ठरवली. रस्त्याकडच्या बाजूला ट्रक गेला की जमीन हादरते, शेताकडे तसं नाही. प्रत्येक भागावर एक माणूस चढवून पाहिला, वाऱ्याच्या रात्री नोंदी तपासल्या.

कॅलिफोर्नियातल्या मेटकाफ सबस्टेशनचा प्रकार माझ्या डोक्यात होता. १६ एप्रिल २०१३ रोजी हल्लेखोरांनी आधी दूरसंचाराच्या केबल कापल्या आणि मग कुंपणाबाहेरूनच गोळ्या झाडून १७ ट्रान्सफॉर्मर निकामी केले. आपल्याकडचा धोका तसा नाही, पण संदेशाची वाट एकच नसावी हे तिथून घेतलं. अलार्मच्या पॅनलला दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं दिली आणि वीजपुरवठा स्टेशनच्या बॅटरीवरून घेतला. अलार्म आला की त्या बाजूचा दिवा लागतो आणि कॅमेरा तिकडे वळतो. एकट्या ऑपरेटरने टॉर्च घेऊन यार्डात उतरायचं नाही, पडद्यावर माणूस दिसला तर पोलीस आणि उपअभियंत्यांना फोन करायचा, हा नियम भिंतीवर लावून घेतला. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३६ खाली अशा चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कॅमेऱ्याची वेळेसह नोंद तक्रारीला उपयोगी पडते.

भोंग्याची वायर आता जागेवर आहे.

खरी अडचण शेतातल्या डीपींची, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची आहे. तिथे ना कुंपण, ना ऑपरेटर, आणि शेतीचा फीडर बंद असतानाच चोर ऑइल काढून तांब्याची गुंडाळी नेतात. ऐन रब्बीत डीपी गेली तर पाणी असूनही पीक वाळतं. टाकी उघडताच स्वतःच्या बॅटरीवर संदेश पाठवणारा कंपन-सेन्सर एका डीपीवर लावून पाहायची परवानगी मी मागितली आहे.